खान्देशात राहून मालिका आणि रिअ‍ॅलिटी शो करणारं प्रॉडक्शन हाउस काढावं का?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

रामराम मंडळी.

मी मूळचा चाळीसगावचा. 12 वर्षं मुंबईत टीव्हीच्या धंद्यात आहे. सुरुवात प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून केली, म्हणजे गाड्या, जेवण, कलाकारांचे कॉल टाइम. आता ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आहे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: चॅनलला एपिसोड वेळेवर आणि ठरलेल्या पैशात मिळाला पाहिजे, ही जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते तो ईपी. तीन दैनंदिन मालिका केल्या, दोन रिअ‍ॅलिटी शो केले.

आई-बाबा थकलेत. मुलगा पहिलीत जाईल. गावाकडे यायचं हे नक्की आहे. प्रश्न असा, की येऊन शेती बघू की जे येतं तेच करू? जळगाव किंवा चाळीसगावात ऑफिस टाकून, इथलीच माणसं शिकवून, मालिका आणि नॉन-फिक्शन (रिअ‍ॅलिटी शो वगैरे) दोन्ही करणारी स्वतंत्र निर्मितीसंस्था चालेल का?

कोल्हापूरला जमलं. ‘तुझ्यात जीव रंगला’ 2016 मध्ये वसगड्याला सुरू झाली आणि कोल्हापुरी बोली घराघरात गेली. सातारला जमलं, ‘लागिरं झालं जी’ तिकडेच उभी राहिली. कोकणात आकेरीच्या वाड्यात ‘रात्रीस खेळ चाले’ झाली. मग तापीच्या खोऱ्यातच का नाही, हे मला 12 वर्षं टोचतंय.

मोकळेपणाने बोला. नाउमेद केलंत तरी चालेल, पण कारण सांगा.

---

धुळेकर_विजय

दादा, तुम्ही याच अठे. बठ्ठं गाव तुमनासंगे शे. (या इकडेच, सगळं गाव तुमच्यासोबत आहे.)

---

रावेरची_केळी

एक शंका. मुंबईपासून रेल्वेने सातारा किंवा कोल्हापूर आणि जळगाव यात अंतराचा फार फरक नाही. मग अडतंय कुठे? उन्हाचं कारण असेल तर पटतं. मे महिन्यात 45 अंशात आमची केळीसुद्धा होरपळते, तिथे मेकअप काय टिकणार.

---

गिरणाकाठ

@रावेरची_केळी, ऊन हे खरंच कारण आहे. टेक चालू असताना एसी आणि पंखा दोन्ही बंद ठेवावे लागतात, आवाज येतो. वरून लाइट्सची गरमी. पण तो प्रश्न सुटतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे 5 ते 11 आणि संध्याकाळी 4 नंतर असं वेळापत्रक लावायचं, दुपारी एडिट.

खरी अडचण वेगळी. कोल्हापूरला सिनेमाची जुनी परंपरा आहे. तिथे गेलात की लाइटमन, सेटिंगवाले, आर्टचे सुतार, मेकअप दादा मिळतात. आपल्याकडे प्रत्येक माणूस मुंबईहून आणायचा तर त्याचं राहणं-खाणं आणि प्रवास भत्ता यातच बजेट जातं.

---

शटर_जळगाव

इथे थोडा विरोध नोंदवतो. मी 14 वर्षं लग्नाचं शूटिंग करतोय. जळगाव, भुसावळ, पाचोरा पट्ट्यात आज किमान माझ्या ओळखीचे 40 जण असे आहेत ज्यांच्याकडे सिनेमासाठी चालणारे कॅमेरे, गिंबल (कॅमेरा न हलता धरणारं यंत्र), ड्रोन आहेत. हळदीला 500 माणसांच्या गर्दीत, एकही रिटेक न मागता, नेमका क्षण पकडणारी ही पोरं आहेत. रिअ‍ॅलिटी शोला याहून वेगळं काय लागतं?

आमची कमतरता कुठे आहे तेही प्रामाणिकपणे सांगतो: आवाज. लग्नात वरून गाणं टाकलं की काम भागतं. सिंक साउंड (शूट करतानाच खरा आवाज घेणं), कपड्याला लावायचा लेपल माइक, लांब काठीवरचा बूम माइक धरणं, हे इथे कोणी शिकलेलं नाही. तुम्ही आलात तर पहिली कार्यशाळा आवाजाची घ्या. मी स्वतः येऊन बसेन, माझी तीन पोरंही आणीन.

---

गिरणाकाठ

@शटर_जळगाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कॅमेऱ्याची माणसं मुंबईहून आणायची असं धरून बसलो होतो. हे गणितच बदलतंय.

---

हिशेबनीस

चार्टर्ड अकाउंटंट आहे, ठाण्यात. दोन छोट्या निर्मितीसंस्थांची पुस्तकं बघतो. नावं अर्थातच घेणार नाही. भावनेचं बाकीचे बोलतीलच, मी रोकड सांगतो.

आपल्याकडे चॅनल प्रॉडक्शन हाउसला एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं. चांगलं. पण केव्हा देतं? बिल लावल्यावर 60 ते 90 दिवसांनी. आता 90 दिवस धरून हिशेब करा. आठवड्याला 6 एपिसोड, 13 आठवडे, म्हणजे 78 एपिसोड. पहिला पैसा खात्यात येण्याआधी 78 एपिसोडचा खर्च तुमच्या खिशातून किंवा व्याजाच्या पैशातून झालेला असतो. लाइटमनची रोजंदारी, जनरेटरचं डिझेल, कॅटरिंग हे कोणी 90 दिवस थांबत नाही. वर बिल फाडलं की जीएसटी भरायची वेळ येते, चॅनलचे पैसे आले असोत वा नसोत.

मालिका उत्तम चालली म्हणून संस्था बुडाल्याचं मी पाहिलंय. चॅनलने सहाचे सात एपिसोड मागितले, खर्च वाढला, उधारी वाढली.

म्हणून सल्ला: दैनंदिन मालिकेने सुरुवात करू नका. 10 किंवा 13 भागांचं काहीतरी घ्या ज्याला शेवट आहे.

---

शिरपूरची_सून

हिशेबनीस म्हणतात ते बरोबर असेल, पण मला वेगळंच बोलायचंय. धागाकर्त्यांनी रिअ‍ॅलिटी शो केलेत असं लिहिलंय म्हणून.

माझी धाकटी बहीण एका गाण्याच्या कार्यक्रमात पहिल्या काही फेऱ्यांपर्यंत गेली होती. कार्यक्रमाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. तिची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ, त्याला ते लोक एव्ही म्हणतात, तो करायला पाच जण चोपड्याला आमच्या माहेरी आले. माझे वडील शिक्षक. घर पक्कं, दोन मजली, स्वयंपाकघरात गॅस. आल्या आल्या त्यांनी सोफ्यावर चादर टाकायला लावली. मग आईला म्हणाले, काकू, चूल आहे का? परसात पाणी तापवायची चूल होती. त्यावर आईला भाकरी करायला बसवलं, धूर यावा म्हणून ओली काडी टाकली. आई तासभर खोकत होती. वडिलांना म्हणाले, तुम्ही नोकरीचं बोलू नका, शेताच्या बांधावर उभे राहा.

प्रसारण झालं त्या रात्री वडील टीव्हीसमोरून उठून अंगणात जाऊन बसले. त्यांना कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी विचारलं, सर, तुमच्याकडे गॅस नाही का?

बहीण सुंदर गायली होती. ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

दादा, तुम्ही खान्देशात संस्था काढा, जरूर काढा. पण हे होणार नसेल तरच.

---

भुसावळ_जंक्शन

@शिरपूरची_सून, ताई, वाचीसन डोयामा पानी उनं. (वाचून डोळ्यांत पाणी आलं.)

---

गिरणाकाठ

@शिरपूरची_सून, ताई, याला उत्तर द्यायला मला एक दिवस लागला.

तुमच्या घरी आलेल्या टीममध्ये मी नव्हतो, पण असं मी केलेलं आहे. विदर्भातल्या एका मुलाच्या घरी. स्टोरी टीमकडून कागद येतो, त्यावर ‘संघर्ष’ असा रकाना असतो आणि तो भरावाच लागतो. संघर्ष नसेल तर शोधायचा. त्या मुलाच्या वडिलांनी नवीन मोटारसायकल अभिमानाने दाखवली आणि मी ती फ्रेमबाहेर लावायला सांगितली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

हे मुंबईत बसलेली माणसं वाईट असतात म्हणून होत नाही. ज्याने ते घर कधी पाहिलंच नाही तो कागद लिहितो म्हणून होतं. चोपड्यात शिक्षकाचं घर कसं असतं, हे चोपड्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. माझं परत येण्याचं हेही एक कारण आहे, आणि ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

---

लेवा_पाटील_यावल

भाषेचं काय ठरवलंय? आपल्याकडे सगळे ‘खान्देश म्हणजे अहिराणी’ म्हणतात. आम्ही यावल-रावेर-भुसावळकडचे लेवा गणबोली बोलतो, बहिणाबाईंची. नंदुरबारकडे भिल्ली, पावरी आहे. एक पात्र ‘आहे’ला अहिराणीतलं ‘शे शे’ करतंय आणि बाकी सगळे पुण्याचं बोलताहेत, अशी मालिका आली तर ती न आलेली बरी.

---

मास्तर_अमळनेर

लेवा_पाटील यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात भर: बोली म्हणजे उच्चार नव्हेत. बोलीत नाती असतात. आमच्याकडे अहिराणीत मुलगी ‘अंडेर’, मुलगा ‘आंडोर’. हे शब्द एखाद्या आजीच्या तोंडी नुसते घातले म्हणजे झालं नाही, ती आजी कोणावर चिडताना काय म्हणेल हे माहीत असावं लागतं.

दुसरं, विषय. कानबाई या आपल्या देवीचे रोट आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी अख्खं भाऊबंदकीचं कुटुंब, मुंबई-सुरतेला गेलेलं सुद्धा, एका घरात जमतं. रोटांचं पीठ कोणाच्या घरी, कोणी आलं नाही, कोणाशी बोलणं बंद आहे. मालिकेला आणखी काय लागतं? वहीगायन आहे, रात्रभर चालतं, आणि ते गाणारे आता म्हातारे झालेत. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आहे.

आणि आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया! सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. दोन गल्ल्यांतल्या पोरी एकमेकींना गाण्यातून चिडवतात. यावरून एखादी स्पर्धा...

---

वकीलसाहेब_नंदुरबार

मास्तर, थांबा! पुढचं लिहू नका.

गंमत म्हणून म्हणत नाही. कल्पनेला कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीला असतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात 1978 मध्येच हे स्पष्ट केलंय. ‘आखाजीची स्पर्धा’ एवढं कोणीही उचलू शकतो. पण फेऱ्या किती, निवड कशी, गाव गावाला कसं आव्हान देतं, गुण कोण देतं, बाद झालेली कशी परत येते, हे सगळं नीट लिहून काढलं तर हातात काहीतरी राहतं. ते लिहा आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. मगच कोणाला दाखवा.

आता धागाकर्त्यांसाठी मोठा मुद्दा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कोणी मोबदला देऊन चित्रपट करून घेतला आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक करून घेणारा. मालिकाही यातच धरली जाते. आपल्याकडची चॅनलं करारातही हे पक्कं करून घेतात. म्हणजे मालिका तुम्ही रक्त आटवून करा, पाच वर्षांनी ती दुसऱ्या भाषेत गेली, ओटीटीवर गेली, तरी तुमचा संबंध संपलेला.

---

परदेशी_पाचोरेकर

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून. मी ब्रिटनमध्ये राहतो, टीव्हीत नाही पण या विषयाची आवड आहे.

इथे चॅनल 4 हे 1982 मध्ये सुरू झालं, आणि ते स्वतः जवळजवळ काही बनवत नसे, बाहेरच्या संस्थांकडून घ्यायचं. तिथून स्वतंत्र निर्मितीसंस्थांची पिढी उभी राहिली. 1990 च्या कायद्याने बीबीसी आणि आयटीव्हीलाही ठराविक प्रकारच्या कार्यक्रमांपैकी 25 टक्के बाहेरच्यांकडून घेणं बंधनकारक केलं. आणि 2003 च्या कायद्यानंतर जे नियम आले त्यांनी हक्क निर्मात्याकडे ठेवले. चॅनल प्रसारणाचा परवाना घेतं, माल निर्मात्याचा राहतो.

त्याचा परिणाम बघा. ‘कौन बनेगा करोडपती’ 2000 मध्ये आपल्याकडे आलं, ते 1998 च्या ब्रिटिश कार्यक्रमावरून. तो सेलाडॉर नावाच्या स्वतंत्र संस्थेचा. देशोदेशी परवाने गेले. ‘बिग बॉस’चं मूळ 1999 चं, नेदरलँड्समधल्या जॉन डी मोल यांच्या एंडेमोलचं. नेदरलँड्स केवढा? आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. तिथे सुचलेली गोष्ट 2018 मध्ये मराठीत आली आणि आपण परवाना घेऊन करतो. आखाजीचा खेळ नीट लिहिला तर तो राजस्थानात, गुजरातेत का जाऊ नये? राजस्थानात तीजेला झोके असतातच.

---

कडू_कारलं

स्वप्नं छान आहेत, पण ब्रिटनचा कायदा चाळीसगावात चालत नाही. नवीन माणसाला चॅनल म्हणणार, हक्क आमचे, पटत असेल तर सही करा. तेव्हा काय करणार? आणि गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीआरपीचे, आकडे आले की तिसऱ्या आठवड्यात चॅनलकडून फोन येणार: बोली कमी करा, सासूला कारस्थान द्या.

---

गिरणाकाठ

@कडू_कारलं, तुमचं म्हणणं खरं आहे. असे फोन मी घेतलेत. रात्री 11 ला कथेचा ट्रॅक बदलतो, सकाळी 9 ला सेटवर नवीन पानं येतात, कलाकार मेकअप करत करत पाठ करतात.

म्हणून वाटतं, पहिलं काम चॅनलकडे जाऊन मागायचंच नाही. छोटं काहीतरी स्वतःच्या पैशाने करायचं, ज्याचे हक्क आपले. अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेलेत, म्हणजे बघणारा आहे. फक्त त्याला आजवर विनोदच मिळालाय. अहिराणी माणूस म्हणजे हसवणारा माणूस, एवढंच चित्र झालंय.

---

धुळेकर_विजय

विनोदाला नावं ठेवू नका हो दादा. सुरतला गिरणीत रात्रपाळी करणारा माझा भाऊ ते बघूनच जागा राहतो.

---

गिरणाकाठ

@धुळेकर_विजय, चुकलं. नावं ठेवायची नव्हती. त्या पोरांनी मोबाइलवर शूट करून जो प्रेक्षक जमवला, तो कुठल्याच चॅनलला जमवता आला नाही. त्यांनी तयार केलेल्या वाटेवरूनच मी येणार आहे. मला एवढंच म्हणायचं होतं, की त्याच भाषेत रडणं, भांडणं, प्रेम करणंही दिसावं.

---

रावेरची_केळी

विषयांतर होतंय, पण युनिटच्या जेवणाचं काय? मुंबईचे लोक आपली शेवभाजी पचवतील का?

---

शटर_जळगाव

पहिल्या दिवशी घाम पुसतात, तिसऱ्या दिवशी तर्री मागून घेतात. स्वानुभव. थंडीत शूट लावा, बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी द्या, युनिट परत जायचं नाव घेणार नाही.

---

हॉटेलवाला_एरंडोल

जेवणाचा विषय निघालाच आहे तर एक मनातलं. काही वर्षांपूर्वी बाहेरचं एक युनिट आमच्याकडे 9 दिवस होतं. रोज 70 माणसांचं दोन वेळचं जेवण, चार वेळा चहा. शेवटच्या दिवशी म्हणाले, बिल ऑफिसला पाठवा. दीड वर्ष फोन केले. निम्मे पैसे आले, निम्मे आजतागायत नाहीत. माझ्याकडे भाजी देणाऱ्या बाईंचे पैसे मी घरातून दिले.

तुम्ही आपले आहात म्हणून सांगतो. गावात काम कराल तर किराणावाला, मंडपवाला, बैलगाडीवाला यांचे पैसे त्या त्या आठवड्यात द्या. इथे एकदा नाव गेलं तर पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही.

---

हिशेबनीस

एरंडोलच्या दादांनी माझा सगळा हिशेब चार ओळींत सांगितला. चॅनलकडून 90 दिवसांनी येणार म्हणून संस्था पुढच्याला थांबवते, आणि साखळीत शेवटी भाजीवाली बाई असते.

गिरणाकाठ, एक करा. संस्थेच्या पहिल्या दिवसापासून वेगळं खातं ठेवा, त्यात फक्त स्थानिक देणी. शूटच्या आधी तो पैसा बाजूला काढता आला नाही, तर शूट सुरू करू नका. कागदपत्रं, जीएसटी नोंदणी मी करून देईन. फी पहिल्या कामाचे पैसे आल्यावर.

---

मास्तर_अमळनेर

माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, वकीलसाहेबांचा मान राखून. आखाजीची गाणी माझ्या आईने आणि मावशीने सांगितलेली, 60 हून जास्त गाणी, माझ्या वहीत आहेत. मावशी 84 वर्षांची आहे. तिचा आवाज अजून खणखणीत आहे. स्पर्धा-कार्यक्रम व्हायचा तेव्हा होवो, पण तिचं रेकॉर्डिंग कोणीतरी नीट माइक लावून करा. या आखाजीच्या आत.

---

शटर_जळगाव

मास्तर, मी येतो. आवाजाचं शिकायचं आहेच, तिथूनच शिकतो. गिरणाकाठ, माइक तुम्ही आणा.

---

गिरणाकाठ

आणतो. दोन लेपल आणि एक बूम, रेकॉर्डरसकट.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून जे ठरतंय ते लिहितो. येतोय. दैनंदिन मालिका नाही, निदान पहिली तीन वर्षं नाही. पहिलं काम मास्तरांच्या मावशींचं रेकॉर्डिंग, त्यातून आखाजीवर 8 भागांचा कार्यक्रम. त्याची पूर्ण लिखित मांडणी मी आणि वकीलसाहेब बसून करू आणि नोंदवू. दुसरं काम, कानबाईच्या चार दिवसांत घडणारं एक कौटुंबिक नाटक, 10 भागांचं. त्यात यावलची सून लेवा बोलेल, धुळ्याचा सासरा अहिराणी. लेवा_पाटील, संवाद तपासायला तुम्ही लागाल, आणि लिहिलेलं चुकलं तर खोडायचा हक्क तुमचा.

पैसे: माझी मुंबईतली छोटी जागा विकायची ठरलंय. त्यातला किती भाग इथे लावायचा हे घरी बोलून. एरंडोलच्या दादांचं म्हणणं लिहून भिंतीवर लावतो.

@शिरपूरची_सून, तुमच्याकडे एक मागणं आहे. आखाजीच्या कार्यक्रमात ज्या बायका येतील, त्यांच्या घरी जाऊन ओळखीचा व्हिडिओ करणाऱ्या टीमबरोबर तुम्ही असाल का? काय दाखवायचं आणि काय नाही, हे त्या घरातल्या बाईशी बोलून तुम्ही ठरवायचं. मानधन देईन, आणि नाव श्रेयनामावलीत येईल.

---

शिरपूरची_सून

दादा, मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. पण हे काम मी करेन.

वडिलांना तुमचा निरोप वाचून दाखवला. ते म्हणाले, पहिला व्हिडिओ आपल्याच घरी करायला सांग. बहीण आखाजीला येणारच आहे. फक्त सोफ्यावर चादर टाकायची नाही, आणि आई गॅसवर चहा करेल तो सगळ्यांनी प्यायचा.

---

गिरणाकाठ

येतो. किती जण येतोय ते आदल्या दिवशी कळवतो.